दवाखाना बंद होण्याआधी डॉक्टरांकडून काय मागून घ्यावं

लालबागच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या चाळीखालचे फॅमिली डॉक्टर दिवाळीनंतर दवाखाना बंद करणार आहेत. डॉक्टरांचं वय सत्तरीपुढे, मुलगा परदेशात, चाळ पुनर्विकासाला जाणार. ताईंची आई ७८ वर्षांची. मधुमेह, बीपी आणि गुडघे. आईला आता सरळ एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीला लावावं का, मुंबईत असे दवाखाने भराभर का बंद होताहेत, आणि नव्या इमारतीत सोसायटीने जागा देऊन दुसरा डॉक्टर आणावा का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी नायगावला तीसहून जास्त वर्षं जनरल प्रॅक्टिस करते आहे. जरा सविस्तरच लिहिते.

पहिल्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून तो आधी. मोठ्या हॉस्पिटलची घाई नको. आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा, तेही गर्दीच्या वेळी नाही. दुपारी शेवटचा पेशंट गेला की आईला घेऊन बसा आणि एक पानभर माहिती लिहून मागा. कोणता आजार कोणत्या साली निघाला, आज कोणती गोळी किती चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, हे तर हवंच. पण त्याहून मोलाचं म्हणजे कोणतं औषध देऊन बघितलं आणि का थांबवलं. ॲम्लोडिपिनने पाय सुजले होते, रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागला होता, अमुक गोळीने सकाळी शुगर उतरून घाम फुटला होता. असल्या गोष्टी कुठल्याही लॅबच्या रिपोर्टमध्ये नसतात. त्या डॉक्टरांच्या डोक्यात असतात, फार तर कार्डाच्या कोपऱ्यात त्यांनाच लागेल अशा अक्षरात लिहिलेल्या असतात. नव्या डॉक्टरला त्या माहीत नसल्या की तो बिचारा तीच गोळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

दुसरी मागायची वस्तू म्हणजे जुना ईसीजी. पुष्कळ वयस्कर माणसांच्या ईसीजीत काही बदल वर्षानुवर्षं तसेच असतात, त्यांनी काही बिघडत नाही. पण रात्री दोन वाजता ॲसिडिटीने छातीत जळजळतंय म्हणून तुम्ही आईला कॅज्युअल्टीत नेलंत, तर तिथल्या तरुण डॉक्टरच्या हातात फक्त आत्ताची पट्टी असते. बदल दिसला की तो नवा आहे असंच त्याने धरायला हवं, त्यात त्याचं काही चुकत नाही. मग ॲडमिशन, रक्ताच्या तपासण्या, कधी अँजिओग्राफीपर्यंत मजल. पाच वर्षांपूर्वीचा तसाच ईसीजी दाखवता आला तर निर्णय सोपा होतो. छातीत दुखलं तर हॉस्पिटलला जायचंच, त्यात तडजोड नाही. फक्त जाताना जुना कागद बरोबर असू द्या. आणि हो, ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही वर्षांत कोरा पडतो. झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो ठेवा, तारीख दिसेल असा.

मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असं भारतीय वैद्यक परिषदेची २००२ची नियमावली सांगते. तो नियम मुख्यतः ॲडमिट झालेल्या पेशंटच्या रेकॉर्डला धरून आहे, आणि तुमच्या डॉक्टरांसमोर तो काढायची वेळ येणार नाही. उलट कोणी विचारतंय म्हणून त्यांना बरंच वाटेल.

आता सरळ स्पेशालिस्टकडे का नको, ते सांगते. तुमच्या आईसारख्या पेशंटचं होतं असं: हृदयाचे डॉक्टर बीपीसाठी दोन गोळ्या देतात, त्यातली एक लघवी वाढवणारी. गुडघ्याचे डॉक्टर वेदनाशामक देतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली, त्यात एखादा दिवस जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं, की म्हाताऱ्या माणसाची किडनी बसते. किडनी किती काम करते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चार दिवसांत दुप्पट झालेलं बघितलंय मी. सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर ठेवून ‘यातली ही बंद’ म्हणणारा माणूस लागतो. ते काम आजवर तुमचे डॉक्टर गुपचूप करत होते. त्याची वेगळी फी त्यांनी कधी घेतली नसणार, म्हणून ते काम आहे हेही कोणाच्या लक्षात आलं नसणार.

जरा अप्रिय बोलते, पण बोललं पाहिजे. घरी माणूस गेलं तर मृत्यूचं कारण लिहिलेला वैद्यकीय दाखला लागतो, नमुना ४-अ. शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने तो द्यायचा असतो. स्मशानात पहिल्यांदा तोच कागद विचारतात. फॅमिली डॉक्टर असला की पहाटे चार वाजताही तो येतो, तपासतो, लिहून देतो. तो नसला की घरचे अख्ख्या विभागात डॉक्टर शोधत फिरतात. ज्याने माणसाला जिवंतपणी कधी पाहिलंच नाही तो डॉक्टर सही करत नाही, आणि त्याने करूही नये. मग देह महापालिकेच्या हॉस्पिटलात न्यायचा, पोलिसांचा जबाब, कधी पोस्टमॉर्टेम. नव्वदीच्या आजी झोपेत शांतपणे गेल्या आणि घरच्यांचा पुढचा दिवस पोलीस चौकी आणि शवागार यांच्यामध्ये गेला, असं आमच्या भागात अलीकडे वारंवार ऐकायला मिळतं. म्हणून नवा डॉक्टर आजार आल्यावर शोधायचा नाही. आईची तब्येत ठीक असतानाच शोधा आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिला दाखवत राहा, म्हणजे ती त्याची पेशंट होईल.

हे दवाखाने का बंद होताहेत? पेशंट कमी झाले म्हणून नाही. संध्याकाळी सात वाजता आजही बाकावर जागा नसते.

लालबाग-परळची एक गोष्ट मात्र इतर मुंबईपेक्षा वेगळी आहे आणि ती आता कमी लोकांना आठवते. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो त्यात, मुंबईत पॅनल डॉक्टरांची पद्धत होती. गिरणी कामगाराने आपल्या गल्लीतला पॅनलवरचा डॉक्टर निवडायचा. त्या डॉक्टरला दर कामगारामागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळायची, कामगार दहा वेळा आला काय किंवा एकदाही आला नाही काय. म्हणजे पेशंट बरा राहण्यात डॉक्टरचा फायदा. इंजेक्शन टोचून वीस रुपये जास्त घेण्याचं कारण नाही. पॅनलवर सुस्ती होती, रांगा होत्या, ‘लाल पाणी देतो’ म्हणून टिंगलही व्हायची. पण गिरणगावातल्या कितीतरी दवाखान्यांचं भाडं आणि कंपाउंडरचा पगार त्या यादीतून निघत होता. १९८२चा संप झाला, पुढे एकेक गिरणी मिटली, तशा त्या याद्या आटल्या. राहिले ते रोखीचे पेशंट, आणि ज्यांचा पगार बंद झालाय त्यांच्याकडून फी तरी काय मागणार? ती पिढी जिद्दीने चालवत राहिली. आज ती सत्तरी-ऐंशीत आहे. तुमचे डॉक्टर बहुधा त्यांतलेच.

मग जागेचा प्रश्न. जुने दवाखाने पागडीचे. भाडं नावाला, म्हणून शंभर-दोनशे रुपये फीत चालले. चाळ पाडली की कागदावर डॉक्टरला तेवढीच व्यापारी जागा परत मिळते. पण मधली वर्षं? तीन वर्षांचं काम सहा वर्षं चालतं. तेवढ्यात चाळकरी कुठे डोंबिवलीला, कुठे विरारला भाड्याने पांगतात. पासष्टीच्या माणसाने सहा वर्षं थांबून पुन्हा शून्यातून पेशंट जमवायचे, हे होत नाही. तो बिल्डरशी हिशेब करून मोकळा होतो. आणि त्या जागी तरुण डॉक्टर बाजारभावाने भाडं देऊन बसला, तर फी पाचशे ठेवावी लागते किंवा दुसरीकडून पैसे काढावे लागतात. दुसरीकडून म्हणजे लॅबकडून, हॉस्पिटलकडून. आमच्या धंद्यात त्याला ‘कट’ म्हणतात. सगळे घेतात असं नाही. पण भाड्याचा आकडा बघितला की मोह कुठून येतो ते कळतं.

एमबीबीएस झालेली मुलं नुसत्या एमबीबीएसवर थांबायला तयार नसतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी साडेपाच वर्षं शिक्षण घेतलं ते मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात. ताप, खोकला, ‘अंगात कणकण’, ‘घरात भांडण झालं म्हणून छाती धडधडते’, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. फॅमिली मेडिसिनमध्ये पदव्युत्तर शिक्षण आहे, पण जागा मोजक्या. त्यामुळे मुंबईच्या वस्त्यांमध्ये आज जो डॉक्टर हाताशी आहे तो बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी असलेला असतो. त्यावरून आमच्या संघटनांमध्ये जुने वाद आहेत, त्यात इथे शिरत नाही. रात्री नऊला दार उघडं असलेला माणूस तोच आहे, एवढं सांगते.

विम्यानेही हातभार लावलाय. नेहमीच्या मेडिक्लेमला, त्याच दिवशी घरी सोडतात असे ठरावीक उपचार सोडले तर, सहसा चोवीस तास ॲडमिट असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. महात्मा जोतीराव फुले योजनासुद्धा हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी, दवाखान्याच्या फीसाठी नाही. डेंग्यूचा साधा पेशंट मी घरी ठेवून सांभाळू शकते: रोज रक्त तपासायचं, पाणी-सरबत मोजून पाजायचं, ताप उतरल्यावरचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचे, कारण खरा धोका तेव्हाच असतो. त्याचे पैसे पेशंटच्या खिशातून. आणि ॲडमिट झाला तर विमा कंपनी भरते. तुम्ही काय निवडाल?

कोविडबद्दल थोडंच लिहिते. २०२०च्या उन्हाळ्यात वयस्कर डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले, काहींनी ते पुन्हा उघडलेच नाहीत. ज्यांनी चालू ठेवले त्यांतले काही कोविडने गेले. सरकारच्या ५० लाखांच्या विम्यासाठी खासगी डॉक्टरांच्या घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, कारण ‘सरकारने त्यांना कामावर बोलावलं नव्हतं’. हे बघितलेल्या घरातला मुलगा बापाच्या खुर्चीत बसेल का?

दवाखाना गेल्याने भागाचं काय जातं, यावर लोक ‘आपुलकी’ वगैरे म्हणतात. आपुलकी असतेच, पण मला त्यातली व्यवहाराची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. माझे केसपेपर नावाप्रमाणे लावलेले नाहीत, इमारतीप्रमाणे आहेत. एका घराची सगळी कार्डं एका क्लिपला, एका इमारतीची एका खोक्यात. आठवड्यात एकाच खोक्यातून तीन कार्डं कावीळ किंवा जुलाबाची निघाली की कोणी सांगायला लागत नाही: त्या इमारतीच्या पाण्याच्या लाइनीत गटार मिसळलंय. मी महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करते, ते पाण्याचे नमुने घेतात. तेच तीन पेशंट तीन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत किंवा तीन ॲपवर गेले असते तर तो धागा कोणाच्याच हाती लागला नसता.

मुंबईत ही गोष्ट नवी नाही. १८९६च्या सप्टेंबरात शहरात प्लेग आला, तो ओळखला मांडवीत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. वस्तीत पेशंट बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की हा ताप नेहमीचा नाही. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमाजवळ आहे, आपण शंभरदा त्याच्यासमोरून गेलेलो असतो. किंवा २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप. तापाच्या पेशंटला ‘हिंदमाताला पाण्यातून चालत आलात ना? पायाला कापलं होतं का?’ हे ज्याने पहिल्याच दिवशी विचारलं त्याने माणूस वाचवला. आज पाणी भरलं की त्यातून चालत आलेल्यांना महापालिका लेप्टो होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते. पण सूचना बातम्यांत येते. गरोदर बाईने ती गोळी घ्यायची नाही, हे तिला समोर बसून कोणीतरी सांगावं लागतं.

बायकांचं वेगळं सांगते. चाळीतली बाई अंगावरून पांढरं जातंय हे सांगायला मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहत नाही. ती मुलाच्या सर्दीचं निमित्त करून येते आणि उठता उठता, ‘मॅडम, अजून एक होतं...’ म्हणते. ओळखीचा दवाखाना बंद झाला की अशा बायका दुसरीकडे जात नाहीत, त्या दुखणं अंगावरच काढतात.

आणि बाकीचे केमिस्टकडे जातात. तिथे खाज सांगितली की स्टिरॉइड असलेलं ट्यूब मिळतं. गजकर्ण आठवडाभर दबतं आणि मग दुप्पट पसरतं. खोकला सांगितला की लेव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक. ते टीबीच्या जंतूंवर थोडं चालतं, म्हणून पेशंटला बरं वाटतं, आणि टीबीचं निदान दोन महिने पुढे जातं. मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं प्रमाण बघता हे दोन महिने फार महाग पडतात, त्याला आणि त्याच्यासोबत दहा बाय बाराच्या खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना.

गल्लीतला प्रत्येक डॉक्टर देवमाणूस होता असा माझा दावा नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावी भागातल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीचे उपचार लिहायला सांगितले होते, तर ८० वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. बारीकसारीक कारणाला सलाईन लावणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण आपला डॉक्टर कायम राहण्यात काही आहे, हे नुसतं आमच्या पिढीचं हळवेपण नाही. नॉर्वेत प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. तिथे सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत मृत्यूची आणि तातडीने ॲडमिट होण्याची शक्यता, वर्षभराच्याच ओळखीवाल्यांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी होती. नॉर्वे म्हणजे लालबाग नव्हे आणि नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मग आईला न्यायचं कुठे? पहिल्यांदा तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ‘तुम्ही आजारी पडलात तर इथे कोणाकडे जाल?’ ते नाव पक्कं समजा. नवा डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर हवा, संध्याकाळी बसणारा हवा, गरज पडली तर जिना चढून व्हिजिटला येणारा हवा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा आपापल्या पॅथीच्या परिषदेकडे त्याची नोंदणी असते, ती बघून घ्या, लाजू नका. पहिल्या भेटीत तो किती औषधं लिहितो यापेक्षा आईची जुनी औषधं नीट बघतो का, हे पाहा. आणि ‘आत्ता काही नको, दोन दिवस वाट बघू’ असं म्हणाला तर त्याला सोडू नका. फी देताना कुरकुरूही नका.

‘आपला दवाखाना’ही जरूर वापरा. २०२२पासून महापालिकेने ते ठिकठिकाणी सुरू केले, काही रात्री दहापर्यंत चालू असतात. तपासणी, औषधं आणि बऱ्याचशा रक्ताच्या चाचण्या मोफत. शुगर-बीपीच्या महिन्याच्या गोळ्यांवर खूप पैसे वाचतात. अडचण एकच: तिथले डॉक्टर बदलत राहतात, तेव्हा कागद तुम्हालाच सांभाळावे लागतील. माझ्या काही पेशंटनी छान तोडगा काढलाय: गोळ्या आणि तपासण्या तिथून, आणि तीन महिन्यांतून एकदा सगळी फाइल घेऊन माझ्याकडे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

सोसायटीने डॉक्टर आणावा का? आणावा, पण ठराव आत्ता करा, इमारत उभी राहिल्यावर नाही. नकाशे मंजूर होण्याआधी तळमजल्यावर दोनशे-अडीचशे चौरस फूट व्यापारी गाळा सोसायटीच्या मालकीचा मागून घ्या. रस्त्याकडून दार, एकही पायरी नको, आत बेसिन आणि संडास. पोडियम पार्किंगच्या मागे खोली दिली तर म्हातारी माणसं पोहोचणार नाहीत. डॉक्टरला भाडं पहिली दोन-तीन वर्षं कमी ठेवा आणि करार निदान नऊ वर्षांचा करा. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी कार्डं जमवत बसत नाही. त्याबदल्यात सभासदांना फी माफ, असली अट घालू नका, चांगला डॉक्टर तिथेच उठून जाईल. सुया-कापूस असला दवाखान्याचा कचरा वेगळा नेणाऱ्या गाडीची सोय त्याची तो करेल, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे छोट्या दवाखान्यालाही त्यासाठी परवानगी लागते; तुम्ही फक्त तो कचरा ठेवायला कोपरा द्या. आणि बाहेर लावायच्या पाटीचा आकार करारातच लिहा. एका सोसायटीत नुसत्या पाटीवरून सभा तीन तास चालली होती आणि डॉक्टर शेवटी समोरच्या गल्लीत गेला.